पाणी आतून भरायचं

नाव पाण्यात ढकलून गळती सापडत नाही.
ती अंगणात आणायची, दोन लाकडी घोड्यांवर चढवायची
आणि बागेच्या नळीनं पाणी आत सोडायचं,
बाकाच्या खाली चार बोटं उरेपर्यंत.
मग खाली उताणं पडून वाट बघायची.

हे पब्बी करत. आता मी पडले आहे,
अठ्ठावन्न वर्षांची, पाठीखाली खताचं रिकामं पोतं,
हातात लाल मेणखडू.
वर चौदा फूट ॲल्युमिनियम, माझ्याहून चार वर्षांनी लहान,
पोटावर विनिपेग सरोवरातल्या खडकांनी ओढलेल्या रेघा.

पहिला थेंब कपाळावर.
दुसरा कुठून आला कळेना.
पाणी जिथून सुटतं तिथं टपकत नाही,
कण्याच्या कडेनं हातभर सरकतं
आणि भलत्याच जागी साळसूदपणे खाली येतं.
आमच्या घरातही
पाणी कुठं मुरतंय ते सगळ्यांना ठाऊक होतं.
खडू कुणाकडे नव्हता.

तेवीस रिव्हेट. तेवीस लाल वर्तुळं.

ब्रांडुर चार वाजता आला, हाक न मारता.
मीच निरोप धाडला होता, त्याच्या मुलीकडून:
रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात.
चार वर्षांपूर्वी, पब्बींच्या थडग्यावरची माती ओली असताना,
त्यानं त्यांचा मासेमारीचा कोटा विकला.
मला ट्रकच्या खिडकीतून सांगितलं, इंजिन चालू ठेवून.
तेव्हापासून नाताळला कार्ड येतं,
त्याच्या बायकोच्या अक्षरात.

बूच काढलं. गवतात तळं झालं,
त्यात नखाएवढा एक खवला तरंगत गेला,
कुठल्या सालच्या माशाचा कोण जाणे.

आधी खरवडणं.
डांबर. त्याखाली खिडक्यांची लांबी.
त्याखाली कसलासा राखाडी गोंद,
एका जागी चक्क च्युइंगम,
माझंच असणार, चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यातलं.
पब्बी दर वर्षी वरून लिंपत.
रिव्हेट त्यांनी कधी ठोकले नाहीत.
एकट्यानं ठोकता येत नाहीत,
आणि ते कुणाला बोलावत नसत.

आता नाव कुशीवर.
मी आत, लोखंडी ठोकळा दोन्ही हातांनी
रिव्हेटच्या माथ्यावर दाबून.
तो बाहेर, हातोडी घेऊन.
मध्ये पत्रा, दीड मिलिमीटर.
"आहेस?"
"आहे."
घाव कोपरातून खांद्यात, खांद्यातून दाढेत.
"पुढचा. आहेस?"
"आहे."

चौदाव्याला माझा ठोकळा घसरला, पत्र्याला पोचा आला.
त्यानं बाहेरून शिवी हासडली,
आइसलँडिक, पब्बींची ठेवणीतली,
आणि मग हसला की खोकला,
ते पत्र्यातून नीट कळलं नाही.
"आहेस?"
मी जरा उशिरा म्हटलं, "आहे."

संध्याकाळी पुन्हा पाणी भरलं.
जूनमधल्या माशा आल्या होत्या, एक दिवस जगणाऱ्या,
शेडच्या भिंतीवर, नळीवर, त्याच्या टोपीवर.
आम्ही दोघं आता खाली, आडवे, पोत्यावर एकेक खांदा.
बावीस कोरडे.
एक, कण्याच्या शेवटाचा, मिनिटाला एक थेंब.
मी मोजत होते.
तोही मोजत होता, ओठ हलत होते.

"अजून एकदा ठोकू?" मी विचारलं.
त्यानं वर्तुळावर अंगठा फिरवला, खडू पसरला.
"डबा कुठाय?"
कॉफीचा. लहानपणी आम्ही त्यानं पाणी उपसायचो,
शंभर त्याचे, शंभर माझे,
तो नेहमी सत्तरीनंतर आकडे गाळायचा.
"शेडमध्ये. खिळे आहेत त्यात."

तो गेला. बराच वेळ आत खुडबुड.
परत आला तेव्हा खिळे माझ्या बागेच्या हातमोज्यात होते,
मोजा जड, पाचही बोटं फुगलेली.
तो त्यानं माझ्या हातात दिला
आणि रिकामा डबा नावेत टाकला.
पाण्यात तो बुडला नाही, बाकाला आपटत राहिला.